आठ आठवड्यांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका घरांत कागदाच्या एका कपट्यानें मोठें वादळ उठविलें. मुलगा बोटीवर नोकरीस. तो कित्येक महिन्यांनीं २० जूनला घरीं आला. ३ ऑगस्टला सुनेची सोनोग्राफी झाली, आणि अहवालांत आलें : गर्भ ८ आठवड्यांचा. सासूबाईंनीं बोटें मोजलीं. मुलगा येऊन अवघे सहा आठवडे व दोन दिवस झालेले ! मग हे वरचे दोन आठवडे कोठले? प्रश्न कोणीं मोठ्यानें विचारला नाहीं. पण न विचारतांच तो सुनेपर्यंत पोहोंचला. ती मुलगी दोन दिवस धड जेवली नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्हांस बोलावणें आलें.

"मास्तर, तुम्हीं जन्मभर मुलांना गणितें घातलींत. एवढें एक सोडवून द्या," वहिनी म्हणाल्या.

आम्हीं अहवाल मागविला. त्यांत वरच्या बाजूस एक तारीख होती : ८ जून. ती शेवटच्या ऋतुस्रावाच्या पहिल्या दिवसाची. ८ जूनपासून ३ ऑगस्टपर्यंत बरोबर ५६ दिवस, म्हणजे ८ आठवडे होतात. गर्भ नेमका कोणत्या दिवशीं राहिला हें सहसा कोणासच ठाऊक नसतें. ऋतुस्रावाचा दिवस मात्र स्त्रीस सांगतां येतो. म्हणून डॉक्टर मोजणीचा आरंभ तेथून करतात. पाळी २८ दिवसांची असेल तर स्त्रीबीज साधारणतः चौदाव्या दिवशीं बाहेर पडतें. तेव्हां पहिले दोन आठवडे हिशेबांत असतात, पोटांत मात्र कांहींच नसतें. सोनोग्राफीचें यंत्र गर्भाची लांबी मोजतें. पण वय सांगतांना तेंही हे दोन आठवडे मिळवूनच सांगतें. कागदावर आठ, तर गर्भाचें प्रत्यक्ष वय सुमारें सहा. मुलाच्या येण्याशीं हिशेब तंतोतंत जुळला. ज्या ८ जूनपासून मोजणी सुरू झाली त्या दिवशीं गर्भ नव्हता, याची साक्ष तो ऋतुस्रावच देत होता.

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. उठल्या, आणि सुनेचें पान त्यांनीं स्वतः वाढलें.

ही गणना घरोघरीं ठाऊक असावी, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. पूर्ण गर्भकाल ४० आठवड्यांचा, म्हणजे २८० दिवसांचा धरतात. प्रसूतीची अपेक्षित तारीख काढण्याची सोपी रीत जर्मन प्रसूतिवैद्य नेगेले यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे : ऋतुस्रावाच्या पहिल्या दिवसांत नऊ महिने व सात दिवस मिळवावे. ८ जूनवरून १५ मार्च येते. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत. दोहोंत अंतर दोनच दिवसांचें. ऋग्वेदांत दहाव्या महिन्यांतील प्रसूतीचा उल्लेख आहे, तोही याच्या विरुद्ध नाहीं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा; २८० दिवसांत असे सुमारें साडेनऊ मास बसतात, म्हणजे प्रसूतिसमयीं दहावा चालूच असतो. पाळी लांबणारी वा अनियमित असेल तर मात्र ही रीत चुकते; तेथें पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून डॉक्टर जी तारीख ठरवितील तीच प्रमाण मानावी.

तिमाहींची विभागणी अशी. १४ आठवडे पूर्ण होईपर्यंत पहिली. तींत बाळाचे अवयव घडतात, म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून एकही औषध घेऊं नये. २८ आठवडे पूर्ण होईपर्यंत दुसरी; तींत आईस बाळाची हालचाल जाणवूं लागते. तेथून प्रसूतीपर्यंत तिसरी. तींत बाळाचें वजन भराभर वाढतें. आमच्या उदाहरणांत दुसरी तिमाही १४ सप्टेंबरला लागली व तिसरी २१ डिसेंबरला.

खरा घोटाळा होतो तो आठवड्यांचे महिने करतांना. महिना चार आठवड्यांचा नसतो. फेब्रुवारी सोडल्यास त्याहून दोनतीन दिवस अधिकच असतो. शिवाय महिना 'लागला' आणि महिना 'भरला' यांत महिन्याचें अंतर पडतें. डॉक्टर भरलेले आठवडे सांगतात, आपण लागलेला महिना सांगतों. समजा, ३४ आठवडे भरले असतां पोटांत कळा येऊं लागल्या. कोणी चारानें भागून म्हणतो, "साडेआठ झाले, नववा लागलाच आहे, सकाळीं पाहूं." वस्तुतः तेव्हां पंचांगाचे आठ महिनेही भरलेले नसतात. ३७ आठवड्यांच्या आंत जन्मलेलें बाळ अपुऱ्या दिवसांचें. त्यास श्वास घेण्यास व ऊब राखण्यास मदत लागूं शकते. तेथें सकाळची वाट पाहावयाची नसते, तत्काळ रुग्णालय गांठावयाचें असतें. उलट ४१ आठवडे उलटल्यावर डॉक्टर कळा आणविण्याचा सल्ला देऊं लागले, तर "दहावा पुरता लागूं द्या" म्हणून अडवूं नये. ४२ आठवड्यांपलीकडे पोटांतील बाळास धोका वाढतो.

म्हणून आमची सूचना एवढीच. ऋतुस्रावाचा पहिला दिवस प्रत्येक स्त्रीनें दिनदर्शिकेवर टिपून ठेवावा. गर्भ राहिल्यावर घरांत सर्वांनीं आठवड्यांचीच भाषा बोलावी. महिन्यांची भाषा डोहाळजेवणापुरती ठेवावी. आणि कागदावरचा आंकडा समजला नाहीं, तर आधीं डॉक्टरांस विचारावें. सुनेच्या तोंडाकडे पाहूं नये.

त्या घरीं ११ मार्चला कन्यारत्न झालें, म्हणजे काढलेल्या तारखेच्या चार दिवस आधीं. नेमक्या तारखेस जन्मणारीं बाळें शंभरांत चारपांचच. आतां वहिनी शेजारणींस हा हिशेब आमच्याहून चांगला समजावून देतात.