मिसरूड आणि जन्मदाखला

गेल्या हिवाळ्यात आझाद मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांचा एक सामना पाहत उभा होतो. गोलंदाजी करणारा पोरगा पावणेसहा फुटांचा, ओठावर ठसठशीत मिसरूड. समोरचा सलामीवीर पॅडमध्ये निम्मा बुडालेला. शेजारच्या एका पालकांनी मला कोपराने ढोसले, ‘‘हा चौदाचा? अहो, दाखला बघा याचा! दोन वर्षं तरी खाल्ली असतील.’’ मीही मान डोलावली. गाडीत बसल्यावर मात्र मनाला लागून राहिले, की एका पोराला आपण केवळ त्याच्या मिसरुडावरून चोर ठरवून मोकळे झालो.

आपल्याकडे वयचोरी होते, सर्रास होते, हे कोणीही नाकारणार नाही. पण मिसरूड हा तिचा पुरावा नव्हे. मुलगा वयात येण्याची सुरुवात नवव्या वर्षी होऊ शकते, तशी चौदाव्या वर्षीही, दोन्ही निरोगीच. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वृषणांना इशारा देते आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात उतरू लागते. वयात येऊन पूर्ण वाढ होईपर्यंत त्याचे प्रमाण वीस-तीस पटींनी वाढते. स्नायू भरतात, खांदे रुंदावतात, हिमोग्लोबिन वाढते, म्हणजेच स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो. दहा वर्षांचे मुलगे आणि मुली धावण्यात जवळपास बरोबरीचे असतात. पुढे मात्र युसेन बोल्टचे ९.५८ सेकंद (२००९) आणि फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनरचे १०.४९ सेकंद (१९८८) असे अंतर पडते, त्यामागे मुख्यत्वे हेच संप्रेरक आहे. मग एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकात ते तीन वर्षे आधी आले, तर मैदानावर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

यातही एक गंमत आहे. उंची आधी धावते, ताकद मागून येते. सर्वसाधारण मुलाची उंची साडेतेरा-चौदाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते, त्या एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरसुद्धा. स्नायूंची ताकद त्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षाने, जोर धरते. मधल्या काळात आपलेच हातपाय पोराला परके वाटतात. काल सहज झेल घेणारा आज चेंडू सोडतो, घरी पाण्याचा तांब्या लवंडतो, आणि दोन्हीकडे बोलणी खातो. गुडघ्याखाली दुखते म्हणाला तर ‘नाटकं करू नकोस’ ऐकावे लागते. प्रत्यक्षात तिथे स्नायूचा ताण कोवळ्या, अजून न जुळलेल्या हाडावर येत असतो.

दाखल्यांवर विश्वास उरला नाही म्हणून क्रिकेट नियामक मंडळाने २०१२ पासून सोळा वर्षांखालील मुलांसाठी हाडांची चाचणी आणली. इंग्लंडमधील टॅनर आणि व्हाइटहाउस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडे कितपत पक्व झाली ते पाहतात. पण या चाचणीला जन्मतारीख कळत नाही. सरासरीपेक्षा एक वर्ष पुढे किंवा मागे असणे ही अगदी नेहमीची गोष्ट, दोन वर्षांचा फरकही दुर्मीळ नाही. म्हणजे लवकर वयात आलेला प्रामाणिक मुलगा बाद होऊ शकतो आणि उशिरा वाढणारा, खोट्या दाखल्याचा, आत शिरू शकतो. तरीही ही चाचणी असावी असे माझे मत आहे, कारण नुसत्या कागदापेक्षा ती बरी. पण बाद झालेल्याच्या कपाळावर लबाडीचा शिक्का मारू नये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५ पासून काही स्पर्धांत मुलांचे गट जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार पाडून पाहिले. तिथे लवकर वाढलेल्याला पहिल्यांदाच तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला, तर लहानखुऱ्यांना आपले कौशल्य दाखवता आले.

आणि मागे पडलेला तो सलामीवीर? बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांचा तिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. चौदाव्या वर्षी पुढे असलेल्यांची आघाडी तोवर विरली होती, उलट उशिरा वाढलेले काही चाचण्यांत पुढे गेले होते. अडचण एवढीच, की आपल्या निवडीच्या याद्या चौदाव्या वर्षीच लागतात.

इथेच सुई शिरते. व्यायामशाळेत कोणीतरी कानात सांगतो, ‘एक कोर्स कर, बॉडी फुटेल.’ जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३, म्हणजे ३.८ टक्के, दोषी निघाले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. प्रौढांनी कायदा मोडला तर बंदी येते. वाढत्या मुलाचे नुकसान निराळे. शरीरातले काही टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये, ज्याला आपण बायकी संप्रेरक म्हणतो त्यात, बदलते आणि तेच हाडांच्या टोकांच्या वाढीच्या कूर्चा बंद करते. १९९४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या गृहस्थाची नोंद प्रसिद्ध केली. टेस्टोस्टेरॉन ठीक, पण इस्ट्रोजेनचा संदेश त्याच्या शरीराला कळतच नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, तरी वाढ सुरूच, आणि हाडांचे वय पंधरा! बाहेरून टोचलेल्या मात्रेने नेमके याच्या उलट घडते. पोरगा वर्षभर सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतो, मग कूर्चा वेळेआधी मिटतात आणि उंची तिथेच थांबते. शिवाय बाहेरून आयता माल येतो आहे म्हटल्यावर पियूषिका इशारा देणे थांबवते आणि वृषण सुस्तावतात.

त्या दिवशी सलामीवीर अकरा धावांवर यष्टिचीत झाला. पॅड सोडवत असताना त्याचे बाबा त्याला विचारत होते, ‘‘दूध घेतोस ना रे रोज?’’ तो मान खाली घालून ‘हो’ म्हणाला. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने खूण करा, आखूड झालेली पँट मोजा, एवढे मी त्यांना सांगणार होतो. तेवढ्यात त्यांची टॅक्सी आली.