विश्लेषण : पाच लाखांचे कवच मिळाले, तरी ज्येष्ठांच्या महिन्याच्या गोळ्यांचा खर्च खिशातूनच का?

सत्तरी ओलांडलेल्यांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत मोफत उपचारांची हमी देणारे ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आता अनेक घरांत पोहोचले आहे. मात्र हे कार्ड घेऊन मेडिकलमध्ये गेल्यास रक्तदाबाच्या गोळ्यांचे एक पाकीटही मिळत नाही. असे का होते? औषधांचा खर्च कमी करण्याचे कोणते मार्ग आज खुले आहेत?

योजना नेमकी काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजनेचा विस्तार मंजूर केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तो लागू झाला. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देणारी ही योजना आहे. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना तिचा लाभ होईल, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. नोंदणी आधार कार्डावरील वयानुसार होते. खासगी विमा असलेल्यांनाही ती घेता येते. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेली आहे.

मग रोजची औषधे त्यात का नाहीत?

कारण या दोन्ही योजना मुळात रुग्णालयात दाखल होण्यासाठी आखलेल्या आहेत. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढ्याच काळातील तपासण्या व औषधे धरली जातात. म्हणजे एखाद्या आजोबांची अँजिओप्लास्टी मोफत झाली, तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोळाव्या दिवसापासून त्यांनाच विकत घ्याव्या लागतात. त्यातल्या काही गोळ्या आयुष्यभर चालू ठेवायच्या असतात.

यामागे हिशेबाचे कारण आहे. शस्त्रक्रियेचा दर आधी ठरवता येतो, मंजुरी देता येते, कागदपत्रे तपासता येतात. बाह्यरुग्ण विभागातील औषधांची बिले मात्र छोटी आणि संख्येने कोट्यवधी असतात. ती तपासणे अवघड आणि गैरव्यवहाराला वाव मोठा. त्यामुळे खासगी विमा कंपन्याही नेहमीच्या पॉलिसीत हा खर्च सहसा घेत नाहीत.

पण ज्येष्ठांचा आजार या चौकटीत बसतो का?

नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. देशातील सुमारे ७५ टक्के ज्येष्ठांना एक किंवा अधिक दीर्घकालीन आजार आहेत, असे नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील ज्येष्ठांविषयीच्या अहवालात म्हटले होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात हे आजार रुग्णालयात दाखल होऊन बरे होणारे नाहीत. ते रोजच्या गोळीने आटोक्यात ठेवावे लागतात.

त्याच अहवालानुसार ७८ टक्के ज्येष्ठांना कोणतेही निवृत्तिवेतन नाही. ज्यांना मिळते, त्यांचीही रक्कम तुटपुंजी. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. कर्मचारी पेन्शन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे. किराणा, वीजबिल भागवून उरलेल्या पैशांत औषधे बसवायची, तर काटछाट गोळ्यांवरच येते. रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जाते किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद होते. रक्तदाब मात्र वाढला तरी अनेकदा जाणवत नाही. तो कळतो अर्धांगवायूच्या झटक्यानंतर. पाच लाखांचे कवच कामी येते ते तेव्हा. झटका टाळणाऱ्या गोळीला जे मिळत नाही, ते झटक्यानंतरच्या उपचाराला मिळते.

नियमित औषधे कोणाला मिळतात?

केंद्र सरकारी आरोग्य योजनेतील (सीजीएचएस) निवृत्तांना मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांतील दवाखान्यांतून औषधे मिळतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षे राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. म्हणजे संघटित नोकरी केलेल्यांची काहीशी सोय आहे. शेतमजूर, घरकामगार, छोटे दुकानदार यांच्यासाठी असे काही नाही.

जुन्या करप्रणालीत, आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या उपचार व औषधांवरील ५० हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते. पण प्राप्तिकर भरणाऱ्यांनाच तिचा उपयोग. राज्याच्या वयोश्री योजनेतील एकरकमी ३,००० रुपये चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी आहेत, दरमहाच्या औषधांसाठी नाहीत.

औषधे स्वस्त झाली नाहीत का?

काही प्रमाणात झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश औषधांवरील जीएसटी १२ वरून पाच टक्क्यांवर आला. जनऔषधी केंद्रांची संख्या १५ हजारांच्या पुढे गेली असून तेथे ब्रँडेड औषधांच्या तुलनेत साधारण ५० ते ८० टक्के कमी दरात औषधे मिळतात.

दुसरीकडे, किंमत नियंत्रणाखालील औषधांचे दर घाऊक महागाईशी जोडलेले आहेत. २०२२ मध्ये ते १०.७६ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढवण्यास मुभा मिळाली. २०२५ मध्ये ही वाढ १.७४ टक्के होती. यादीबाहेरील औषधे कंपन्या वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतात.

शिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा ब्रँडचे नाव असते आणि दुकानदाराला ते परस्पर बदलून दुसरे औषध देण्याची कायद्याने मुभा नाही. जेनेरिक नाव लिहिणे बंधनकारक करणारे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले.

इतर राज्यांनी काय केले?

तमिळनाडूने १९९५ पासून औषधांची खरेदी एका महामंडळामार्फत एकत्रित केली. ऑगस्ट २०२१ पासून तेथे रक्तदाब व मधुमेहाची औषधे रुग्णांच्या घरी पोहोचवण्याची योजना सुरू आहे. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे दिली जातात.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही झाले. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातला साठा संपला आणि चिठ्ठी बाहेरची दिली, की ‘मोफत’ या शब्दाला अर्थ उरत नाही. ठरलेल्या दोन-तीन आजारांच्या मोजक्या गोळ्या घाऊक भावाने घेऊन गावापर्यंत नियमित पोहोचवणे, हे कोट्यवधी बिले तपासण्यापेक्षा सोपे आहे. ज्येष्ठांना रोजच्या औषधांसाठी आणखी एका विमा कार्डापेक्षा अशा पुरवठ्याची अधिक गरज आहे.

तोपर्यंत काय करता येईल?

● डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिण्याची विनंती करावी.

● ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधांचे दर पाहता येतात. ज्येष्ठांसाठी हे काम घरातील तरुणांनी करावे.

● रक्तदाब, मधुमेहाची औषधे आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात मागावीत. एका वेळी महिन्याभराची मिळतील का, हे विचारावे.

● वय वंदना कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवावे. शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारणा करता येते.

● खर्च परवडत नसेल, तर गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्याच आजारावर अनेकदा स्वस्त पर्याय उपलब्ध असतो.