आई-बापांनी मैदानात उतरावे

आपल्या वस्त्यांतून हल्ली एक तक्रार सतत कानावर येते. पोरे मोबाईलमधून डोके वर काढत नाहीत, आणि काढलेच तर नाक्यावरच्या टपरीपाशी जाऊन उभी राहतात. आई चार घरची कामे करून दमलेली, बाप पाळीवर गेलेला. संध्याकाळी पाच ते आठ या तीन तासांत आपले मूल कुठे असते, हे दोघांनाही धड सांगता येत नाही. गुटख्याची पहिली पुडी बहुधा याच तीन तासांत हाती येते. तक्रार खरी आहे. पण तक्रार करून झाल्यावर आपण काय करतो?

आमचे म्हणणे साधे आहे. वस्तीतल्या दहा-पंधरा मुलांचा एक कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ उभा करावा, आणि त्याला शिकवायला बाहेरचा माणूस शोधत न बसता आपल्यातल्याच दोघा-तिघा आई-बापांनी पुढे यावे. आठवड्यातले तीन दिवस, दिवसाला दीड तास. फी नाही, गणवेश नाही, उद्घाटनाचा नारळही नको.

लगेच प्रश्न येतो, "आम्हाला काय येते? आम्ही कुठे खेळाडू?" बाबांनो, आठवून पाहा. शाळेच्या पटांगणात खो दिल्याशिवाय किंवा चढाई केल्याशिवाय आपल्यापैकी कोण मोठे झाले? लंगडी न खेळलेली आई या वस्तीत सापडायची नाही. महागड्या अकादमीत मूल घालण्याची आपली ऐपत नसते आणि शाळेत एका क्रीडाशिक्षकाला सगळ्या वर्गांकडे पाहावे लागते. मग मधली जागा भरणार कोण? ज्याचे मूल, त्यानेच.

घरातून खेळ शिकल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना कुस्तीचे पहिले धडे दिले ते वडील दादासाहेबांनी, गावच्या मातीत. हरियाणातल्या बलाली गावच्या महावीरसिंग फोगाट यांनी गावाची बोलणी ऐकून घेत मुलींना कुस्ती शिकवली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटने सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलची 'लिटल लीग' १९३९ साली कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका साध्या नोकरदाराने नात्यातल्या मुलांना खेळता यावे म्हणून तीन संघांवर सुरू केली. आजही तिचा गाडा फुकट राबणाऱ्या आई-बापांच्या खांद्यावर चालतो.

आणि ज्यांना शिकवायला कोणी नव्हते, त्यांचे काय झाले तेही पाहा. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात साहेब लोकांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता ते गोलंदाजी शिकले. साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचा, पण बॅट हाती मिळायची नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. संघात त्यांची गोलंदाजी चालत असे, पण सुरुवातीच्या काळात चहा मात्र त्यांना वेगळ्या भांड्यात आणि दूर मिळे. त्यांच्या मागोमाग त्यांचे भाऊ त्याच वाटेने आले आणि धाकटे विठ्ठल पुढे १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. एक जण पुढे गेला की घरातल्या इतरांना वाट दिसते, एवढे तरी यावरून कळते. आपल्या मैदानावर म्हणूनच पाण्याचा माठ एक आणि पेला एक असावा. कोणत्याही वाड्यातले, कोणत्याही धर्माचे पोर खेळायला आले तरी त्याच माठातले पाणी प्यावे. ही शिकवण तोंडाने देण्यापेक्षा माठाने चांगली दिली जाते.

आता सुरुवात कशी करावी ते सांगतो. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. लहान मुलांना त्याहून लहान पुरते. दोन इमारतींच्या मधली मोकळी जागा, समाजमंदिरापुढचे पटांगण किंवा शाळा सुटल्यावरचे तिचे मैदान, कोणतेही चालेल. शाळेचे हवे असेल तर मुख्याध्यापकांना चार पालकांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. पहिले दोन दिवस खेळ नकोच. मुलांना घेऊन खडे, काचा, बाटल्यांची बुचे वेचावीत, माती भुसभुशीत करावी, पाणी मारावे, मग फक्कीने रेषा आखाव्यात. ज्या मैदानाच्या काचा पोराने स्वतः वेचल्या, तिथे ते पुन्हा बाटली फोडत नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना एकदम कबड्डीच्या पकडीत घालू नये. त्यांना लंगडी द्यावी. एका पायावर तोल सांभाळणे, अचानक थांबणे, वळणे, हुलकावणी देणे हे सारे लंगडीत आहे आणि पुढे खो-खोत ते जसेच्या तसे उपयोगी पडते. खो-खोत आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला वाटेत मागे फिरता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसता येत नाही. पलीकडे जायचे तर खांबाला वळसा घालावा, नाही तर पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याला खो द्यावा. म्हणूनच हा खेळ एकट्या वेगवान पोराचा नाही. जो योग्य वेळी दुसऱ्याला उठवतो, तो जिंकतो. कबड्डीत उलट. तिथे तीस सेकंद एकटा सात जणांत शिरतो आणि दम न सोडता परत येतो. भित्र्या मुलाला आधी खो-खो द्यावा, आगाऊ मुलालाही खो-खोच द्यावा, असे आमचे मत आहे. पहिल्याला त्यात आधार मिळतो आणि दुसऱ्याला थांबायला शिकावे लागते.

दीड तासाची आखणी अशी करावी. पहिली वीस मिनिटे हलके धावणे आणि अंग मोकळे करणे. पुढची अर्धा तास एकच गोष्ट. आज फक्त खो देणे, उद्या फक्त घोटा पकडणे. मग अर्धा तास खेळ. शेवटची दहा मिनिटे सगळे गोल बसतील आणि आज काय जमले ते एकेक जण सांगेल. खेळताना पाणी पिऊ नये हा जुना समज सोडून द्यावा. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी द्यावे. उपाशी पोर मैदानात उतरवू नये. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा किंवा भिजवलेले चणे एवढे झाले तरी पुरे. खरचटले तर साबणाच्या पाण्याने धुवावे, मुरगळले तर कापडात बर्फ गुंडाळून लावावा आणि चोळू नये. डोक्याला मार लागला तर तो मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, कितीही म्हणाला तरी. उलटी झाली, भोवळ आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर तडक दवाखाना.

इथपर्यंत सोपे आहे. खरी कसोटी पुढे आहे, आणि ती मुलांची नाही, आपली आहे.

संघात आपले मूल असते. निवडीच्या दिवशी सात जणांत त्याचे नाव घालायचे की नाही? घातले तर शेजारीण म्हणते, "स्वतःच्या पोरासाठीच हा सगळा खटाटोप." न घातले तर घरी गेल्यावर पोर जेवत नाही आणि त्याची आई बोलत नाही. अशा भांडणांतून फुटलेले संघ आम्ही पाहिले आहेत. गल्ली तीच, मुले तीच, पण दोन बाप एकमेकांशी बोलेनासे झाले आणि मैदानावर पुन्हा गाड्या उभ्या राहू लागल्या. यावर एक उपाय चांगला चालतो. स्वतःच्या मुलाची निवड स्वतः करायची नाही. ती दुसऱ्या पालकाने करायची आणि त्याच्या मुलाची आपण. नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वहीत लिहून ठेवावा. बारा वर्षांखालच्या संघात तर प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात काही वेळ तरी उतरवावेच. त्या वयात करंडक हरला तरी चालतो, मूल हरता कामा नये.

दुसरी खोड म्हणजे आपल्याच मुलावर सगळ्यांत जास्त ओरडणे. पक्षपात दिसू नये म्हणून काही बाप आपल्या पोराला चारचौघांत टाकून बोलतात, कधी हातही उगारतात. हाही अन्यायच. मैदानावर तो तुमचा मुलगा नाही, संघातला एक गडी आहे. जेवढे इतरांना, तेवढेच त्याला. आणि मैदानावरची चूक ताटावर काढू नये. घरी आले की तुम्ही पुन्हा बाप, तो पुन्हा पोर. ज्या पोराला घरीही शिक्षकच भेटतो, ते पोर बाप कुठे सापडायचा म्हणून बाहेर पाहू लागते.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुली मैदानावर मुलांच्या बरोबरीने पळतात. पाळी सुरू झाली की एकेक गळू लागते. घरून "आता मोठी झालीस" म्हणतात, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे गळ्यात पडतात. तिथे आईने मैदानावर येणे याला तोड नाही. पोरींचे कपडे, पाळीचे दिवस, कोणी काही बोलले तर त्याचे काय करायचे, हे ताईला किंवा मावशीला सांगता येते, काकांना नाही. कबड्डी हा अंगाला अंग लागणारा खेळ आहे, म्हणून मुलींना पकड शिकवायची तर ती बाईनेच शिकवावी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. हे आपल्या पोरींना सांगावे, आणि पोरींपेक्षाही त्यांच्या आज्यांना सांगावे.

एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. फुकट शिकवतो म्हणून कोणावर डोळे झाकून विश्वास टाकू नये, आमच्यावरही नाही. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसे असावीत. एकट्या मुलाला किंवा मुलीला कोणी आडोशाला नेऊ नये, एकटे गाडीवर बसवून सामन्याला नेऊ नये. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यानुसार असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हाच ठरतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. चांगल्या माणसाला या नियमांचा राग येत नाही.

आता काही जण विचारतील, यातून मिळणार काय? जे मिळते ते सांगतो. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि तालुक्यापासून राज्यापर्यंत चढत जातात. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे. पावसात भिजलेल्या कागदाला कोणी गुण देत नाही. पण खरे सांगायचे तर पंधरा मुलांतल्या चौदांना यातले काहीच मिळणार नाही. त्यांना मिळेल ते वेगळे. हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणे, पंचाचा निर्णय मनाविरुद्ध गेला तरी रेषेवर परत जाऊन उभे राहणे, आणि कामावरून थकून आलेला बाप चप्पल काढून आपल्यासाठी मातीत उतरला ही आठवण. अभ्यासाला मात्र कात्री नको. खेळ संपला की हातपाय धुऊन पुस्तक, हा नियम संघाचाच असावा आणि जो मोडेल त्याने दुसऱ्या दिवशी फक्की मारावी.

तुमच्या वस्तीत असा संघ असेल तर तो कसा चालतो ते आम्हाला जरूर कळवा. नसेल तर येत्या रविवारी सकाळी दोन पालकांना हाक मारा, एक टोपली घ्या आणि काचा वेचायला लागा. मुले आपोआप येतील. त्यांना बोलवावे लागत नाही. बोलवावे लागते ते आपल्यालाच.