होडीवरचा सोलर : कंट्रोलरला दुय्यम समजू नका



३१ जुलैला बंदी संपेल आणि होड्या परत दर्यात जातील. सध्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणं, इंजिन खोलणं चालू आहे. त्याबरोबर सोलरचं सामान घ्यायचीही लगबग आहे. पॅनल केवढा, बॅटरी कुठली यावर सगळे बोलतात. कंट्रोलर मात्र दुकानदार देईल तो. ही सवय आपल्याला महाग पडते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाची होडी रात्री दिव्याशिवाय परत आली. अंधारात एक ट्रॉलर अगदी जवळून गेला. टॉर्च हलवली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी बॅटरी पाहिली तर पाणी आटलेलं, प्लेटा उघड्या. बॅटरीला वर्षसुद्धा झालं नव्हतं. कंट्रोलर चार्जिंग थांबवतच नव्हता! त्याच्यावर वाचवलेले पैसे बॅटरीत गेले, आणि माणसांचा जीव टांगणीला लागला तो वेगळाच.

कंट्रोलरची कामं दोन. बॅटरी भरली की पॅनलचा करंट आवरायचा, आणि बॅटरी फार उतरली की लोड तोडायचा. लोड तुटला की दिवाही जातो, म्हणून सुटी टॉर्च होडीत हवीच.

आता नेहमीचा प्रश्न : पीडब्ल्यूएम की एमपीपीटी? १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी मिळणारा १०० वॅटचा पॅनल साधारण १८ व्होल्टवर साडेपाच अँपिअर देतो. पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टवर, म्हणजे १३ च्या आसपास खाली ओढतो. हातात येतात ७० वॅट. एमपीपीटी वरचे व्होल्ट वाया न घालवता त्यांचा करंट करून देतो, म्हणून जास्त मिळतं. पण आपल्याकडच्या उन्हात पॅनल तापला की त्याचे व्होल्ट उतरतात, आणि हा फायदा कमी होतो.

हिशेब करून बघा. ५ वॅटचा दिवा आणि १० वॅटचा जीपीएस-फिश फाइंडर रात्रभर १० तास चालवला तर १५० वॅट-तास लागतात. पीडब्ल्यूएमवर चार तास चांगलं ऊन मिळालं तरी २८० होतात. मग लहान होडीला महाग एमपीपीटी कशाला? चांगल्या बनावटीचा पीडब्ल्यूएम घ्या आणि उरलेले पैसे कलई केलेल्या तांब्याच्या वायरवर आणि बॅटरीजवळच्या फ्यूजवर घाला.

मात्र कोणी घराच्या छपरावरचा ३० व्होल्टचा मोठा पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडणार असेल, तर एमपीपीटीच हवा. तिथे पीडब्ल्यूएम अर्ध्याहून जास्त वीज वाया घालवतो.

घेताना एवढं बघा :

– पॅनलच्या मागे लिहिलेल्या शॉर्ट सर्किट करंटच्या सव्वापट क्षमता हवी. १०० वॅटला १० अँपिअर पुरतो.

– बॅटरीचा प्रकार निवडता आला पाहिजे. लिथियमला ॲसिड बॅटरीचं सेटिंग ठेवलं तर बॅटरी खराब होते.

– पाणी आत न जाणारा, सीलबंद हवा. खारं वारं उघड्या सर्किटला सोडत नाही.

– जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. पाण्याच्या बॅटरीच्या बंद पेटीत कंट्रोलर ठेवू नका, तिथे गॅस साठतो.

आणखी एक गोष्ट. बाजारात एमपीपीटी लिहिलेले पण आतून पीडब्ल्यूएम असलेले डबे सर्रास मिळतात. ओळखायला सोपं आहे. बॅटरी अर्धी उतरलेली असताना भर उन्हात पॅनलच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. १३ च्या जवळपास दिसले तर तो पीडब्ल्यूएम. १५ च्या वर, १७-१८ पर्यंत राहिले तर खरा एमपीपीटी.

आमची सूचना अशी : प्रत्येकाने वेगळा जाऊन फसण्यापेक्षा संस्थेने एक नग आणून तपासावा, पटला तर बिल आणि वॉरंटीसह एकत्र खरेदी करावी. येत्या सभेत हा विषय घेणार आहोत. काही जण म्हणतील, संस्थेचं काम डिझेल आणि बर्फाचं, यात कशाला पडायचं? रात्री होडी दिसली पाहिजे, हे संस्थेचं काम नाही तर कोणाचं?

तुमच्या होडीवर कुठला कंट्रोलर किती हंगाम टिकला, ते खाली लिहा. बिघडला असेल तर तेही न लाजता लिहा. त्यातून दुसऱ्याची बॅटरी वाचेल.



– सचिव, आपली संस्था