आंतरराष्ट्रीय आरोग्ययोजना आणि कोलाड नाक्यावरील वैद्य

सार्वजनिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय योजनांचा प्रवास साधारणतः ठरलेल्या वाटेने होतो. जिनिव्हात धोरण निश्चित होते, दिल्लीत त्याची राष्ट्रीय योजना बनते, राज्यात तिचा आराखडा होतो, अलिबागेस जिल्ह्याचे नियोजन होते आणि रोह्यास तालुक्याचे उद्दिष्ट येऊन पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर समित्या असतात, बैठका होतात, अहवाल जातात. परंतु रोह्याहून अवघ्या काही किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाडच्या नाक्यावर, तीन आठवडे खोकणारा रुग्ण ज्या दवाखान्याची पायरी प्रथम चढतो, तो दवाखाना बहुधा ह्या साखळीच्या बाहेर असतो. आणि तो दवाखाना अनेकदा आपल्यापैकीच एखाद्या वैद्याचा असतो. देशपातळीवरील समन्वयाची खरी परीक्षा ह्या शेवटच्या सांध्यापाशी होते, आणि तो सांधा जुळविण्याचे निम्मे दायित्व आपल्या व्यवसायाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्षयरोग हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

प्रथम वरच्या पातळीचा विचार करू. क्षयरोगाच्या बाबतीत भारत केवळ परदेशी योजना स्वीकारणारा देश कधीच नव्हता. रुग्णास आरोग्यधामात न ठेवता घरी राहूनही औषधोपचाराने बरे करता येते, हे मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या संशोधनाने जगास दाखविले. त्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना हे चौघे एकत्र होते. १९५९ मध्ये बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढील तीस वर्षांत मात्र रुग्ण नोंदविले जात आणि उपचार अर्धवट सोडून निघून जात. १९९२ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची विकाससंस्था ह्यांनी संयुक्त आढावा घेतला. त्यातून सुधारित कार्यक्रम आकारास आला, १९९७ मध्ये तो राष्ट्रीय स्तरावर सुरू झाला आणि २००६ मध्ये त्याने संपूर्ण देश व्यापला.

ह्या कार्यक्रमास पैसा अनेकांकडून आला. जागतिक बँकेचे कर्ज होते, आंध्र प्रदेशात ब्रिटनच्या डीएफआयडीचे आणि ओरिसात डेन्मार्कच्या डॅनिडाचे साहाय्य होते, पुढे ग्लोबल फंड आला. दाते अनेक असूनही औषधोपचाराची पद्धती एक, नोंदवही एक आणि अहवालाचा नमुना एक राहिला, हे भारताच्या समन्वयाचे यश मानले पाहिजे. अनेक देशांत प्रत्येक दात्याचा स्वतंत्र कार्यक्रम, स्वतंत्र कर्मचारी व स्वतंत्र कागद अशी अवस्था झाली होती. म्हणूनच २००४ मध्ये एड्सच्या संदर्भात प्रत्येक देशात एक आराखडा, एक समन्वय-प्राधिकरण आणि एक मूल्यमापन-व्यवस्था असावी, हे सूत्र जागतिक पातळीवर मान्य करावे लागले. ग्लोबल फंडानेही अर्ज करणाऱ्या देशात शासन, स्वयंसेवी संस्था व रुग्णप्रतिनिधी ह्यांची एक समन्वय समिती असावी, असा नियम केला. दिल्लीच्या टेबलाभोवती कोण बसावे, हा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटला.

खालच्या टेबलाभोवती कोण बसावे, हा प्रश्न तसाच राहिला. तो सुटू शकतो, हे पोलिओने दाखवून दिले आहे. १९९७ मध्ये भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी पोलिओ सर्वेक्षणाची स्वतंत्र यंत्रणा उभारली. कामाची वाटणी स्वच्छ होती. लसीकरण शासनाचे, सर्वेक्षण जागतिक आरोग्य संघटनेचे, लोकजागृतीत युनिसेफ आणि निधी व स्वयंसेवक ह्यांत रोटरी. पंधरा वर्षांखालील बालकाचा हातपाय अचानक लुळा पडला की ती वार्ता तात्काळ कळवावी, ही अपेक्षा मोठ्या रुग्णालयांपुरती नव्हती. वैद्य, हकीम, इतकेच काय पण झाडपाला देणारे व मंत्र घालणारेदेखील वार्ता देणाऱ्यांच्या यादीत होते. वार्ता कळली की अधिकारी स्वतः येई, चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घेतले जात आणि साठ दिवसांनी बालकास पुन्हा तपासले जाई. वैद्याने कळविले आणि कोणी आले, एवढ्या साध्या अनुभवाने विश्वास बसतो. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळलेला रुग्ण हा भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. ह्या यशात खेड्यापाड्यांतील असंख्य वैद्यांचा अनामिक वाटा आहे.

क्षयाच्या बाबतीत हा सांधा अद्याप खिळखिळा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०१५ मध्ये लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते. २०२३ पर्यंत ही संख्या १९५ वर आली. घट निश्चितच समाधानकारक आहे, परंतु २०२५ पर्यंत क्षयाचे उच्चाटन करण्याचा जो संकल्प २०१८ मध्ये सोडला होता, त्याच्या तुलनेत ती फार अपुरी आहे. औषधे आहेत, निदानाची साधने आहेत. गोव्यातील कंपनीने बनविलेल्या ट्रूनॅट यंत्रास २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस मिळाली. मग विलंब कोठे होतो? रुग्णाच्या पहिल्या खोकल्यापासून त्याच्या थुंकीच्या पहिल्या तपासणीपर्यंत जे आठवडे जातात, ते बहुतांशी आपल्यासारख्या खाजगी दवाखान्यांत जातात.

कोलाडचे स्थान ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि कोलाड हे तिचे पहिले स्थानक. १९९९ पासून मालमोटारी येथे रेल्वेच्या वाघिणींवर चढवून गोव्याकडे नेण्याची सोय झाली, त्यामुळे परप्रांतीय चालक येथे थांबतात. धाटावच्या कारखान्यांत दूरदूरचे कामगार येतात. आसपासच्या कातकरी वाड्यांतील कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा आणि कातकऱ्याचे स्थलांतरही जवळपास तेवढेच. भाद्रपदात वाडीवर सुरू झालेली औषधे मार्गशीर्षात भट्टीवर कोण देणार? निक्षय ह्या संगणकीय नोंदीमुळे रुग्णाची माहिती आता देशात कोठेही पाहता येते. पण भट्टीशेजारच्या ज्या दवाखान्यात तो ताप आला म्हणून जाईल, तेथील वैद्याने विचारलेच नाही आणि त्याने सांगितलेच नाही, तर ती नोंद संगणकातच राहील.

येथे आपण आपल्या व्यवसायाकडेही निःसंकोचपणे पाहिले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या प्रत्येक रुग्णाची थुंकी तपासली गेली पाहिजे, हा नियम आज सर्वमान्य आहे. तरीही कासाची औषधे बदलून बदलून महिना-दीड महिना रुग्णास हाताशी ठेवण्याची प्रवृत्ती आपल्यात आहे. मिश्र चिकित्सा करणारे काही व्यवसायबंधू खोकल्यासाठी क्विनोलोन वर्गातील प्रतिजैविके सर्रास देतात. त्याने क्षयाची लक्षणे काही काळ दबतात, निदान लांबते आणि पुढे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा धोका वाढतो. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रिफाम्पिसिनमुळे मूत्र तांबूस होते. रुग्ण ते 'गोळ्यांची उष्णता' समजतो आणि थंड औषध मागण्यासाठी वैद्याकडे येतो. गोळ्या बंद कर, असा एक शब्द त्या क्षणी वैद्याच्या तोंडून गेला, तर जिनिव्हापासून रोह्यापर्यंतचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. उलट, हा रंग निरुपद्रवी आहे, गोळी चुकवू नकोस, असे त्याच वैद्याने सांगितले तर त्या शब्दाचे वजन सरकारी पत्रकाहून अधिक असते. मात्र डोळे पिवळे दिसत असतील, अन्नावरची वासना गेली असेल, तर ती यकृतास अपाय झाल्याची खूण असू शकते. अशा वेळी काविळीचे औषध देऊन परत न पाठविता त्याच दिवशी रुग्णालयात पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य होय.

ह्यावर काही ज्येष्ठांचा आक्षेप असतो की, हा कार्यक्रम आधुनिक वैद्यकाचा. आपण त्यात केवळ रुग्ण पोहोचविणारे हमाल ठरतो. आक्षेपामागील खंत खरी आहे. रुग्ण पाठविला की तो आपल्या दृष्टीने नाहीसा होतो. त्याचे निदान काय झाले, औषध सुरू झाले किंवा नाही, हे क्वचितच कोणी कळविते. पोलिओची यंत्रणा जे करीत असे, नेमके तेच येथे होत नाही. तथापि, खंत खरी असली तरी तिच्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. राजयक्ष्म्याची चिकित्सा चरकसंहितेत स्वतंत्र अध्यायात आली आहे. साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही त्याची चार कारणे तेथे सांगितली आहेत. अतिश्रम आणि अपुरे, अनियमित अन्न ही कारणे वीटभट्टीवरील संसारास किती लागू पडतात, हे सांगावयास नको. झारखंडातील क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली असता, त्यांच्यात नव्याने होणारा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी घटला, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आहार हेच ज्या शास्त्रात महाभैषज्य मानले गेले, त्या शास्त्राच्या उपासकांनी ह्या कार्यक्रमाबाहेर राहण्याचे कारण नाही. जंतुघ्न औषधे कार्यक्रमाची आणि पथ्य, अग्निरक्षण व बृंहण ह्यांचा सल्ला वैद्याचा, तोही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून, अशी वाटणी उभयपक्षी सन्मानाची ठरेल.

म्हणून आपल्या संघटनेने जिल्हा क्षयरोग कार्यालयापुढे काही ठोस मागण्या ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, तालुका पातळीवरील क्षयरोगविषयक बैठकीत खाजगी वैद्यांचा एक प्रतिनिधी नियमाने बोलावला जावा. दुसरी, वैद्याने पाठविलेल्या प्रत्येक संशयित रुग्णाविषयी ठरावीक मुदतीत उत्तर मिळावे. चिठ्ठी असो वा दूरध्वनी, पण उत्तर असावे. तिसरी, निक्षयमध्ये खाजगी दवाखान्याची नोंदणी करून देण्यासाठी कर्मचारी दवाखान्यात यावा. रुग्ण नोंदविणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि त्यासाठी ५०० रुपये प्रोत्साहनपरही मिळतात, ही माहितीच अनेकांना नाही. चौथी, स्थलांतर करणाऱ्या रुग्णाच्या हाती औषधांबरोबर त्याचा निक्षय क्रमांक लिहिलेले साधे कार्ड द्यावे आणि उपचारकाळात मिळणाऱ्या पोषणभत्त्याचा लाभ गावाबाहेरही सुटणार नाही, ह्याची काळजी घ्यावी. हा भत्ता नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाला आहे. भट्टीवरील कुटुंबास तो थोडा नाही.

ह्या मागण्यांबरोबर आपणही संघटना म्हणून शब्द दिला पाहिजे. प्रत्येक सदस्याने दवाखान्यात एक साधी वही ठेवावी. दोन आठवड्यांवरील खोकल्याचा रुग्ण, पाठविल्याची तारीख, उत्तर आल्याची तारीख, एवढ्या तीनच नोंदी त्यात असाव्यात. तिमाहीच्या शेवटी सर्व वह्या एकत्र पाहिल्या, म्हणजे विलंब आपल्याकडे होतो की पलीकडे, हे कोणाच्याही मतावर अवलंबून राहणार नाही.

हे सारे आताच करण्यास आणखी एक कारण आहे. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी साहाय्य थांबविले आणि त्याच वर्षी यूएसएड ही संस्थाही बंद झाली. अनेक देशांतील क्षयकार्यक्रम त्यामुळे एका रात्रीत अडचणीत आले. भारताचा कार्यक्रम मुख्यतः स्वतःच्या पैशावर चालतो, हे आपले भाग्य. तरीही खाजगी दवाखान्यांशी संपर्क ठेवण्याचे काम आपल्याकडे बरेचदा प्रकल्पांच्या पैशावर चालत आले आहे. प्रकल्पाची मुदत असते, तोवर पिशवी अडकविलेला तरुण कार्यकर्ता दर आठवड्यास दवाखान्यात येतो. मुदत संपली की तो येईनासा होतो आणि नोंदणीही थंडावते. जो सांधा परक्या पैशावर जुळतो, तो पैशाबरोबरच सुटतो. वैद्य, आशा कार्यकर्ती आणि तालुक्याचा उपचार पर्यवेक्षक एकमेकांस नावाने ओळखतात, तेथे मात्र प्रकल्प संपला तरी काम थांबत नाही.

जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना आचार्यांनी वायू, उदक, देश आणि काल ह्यांच्या दुष्टीचे वर्णन केले. एका माणसाच्या चिकित्सेपलीकडे जाऊन संपूर्ण जनपदाचा विचार करणे, हे वैद्याच्या कर्तव्यात त्या काळापासूनच अंतर्भूत आहे. रोहा, पेण, सुधागड व माणगाव ह्या तालुक्यांतील वैद्यबंधू-भगिनींनी येत्या तिमाहीपासून ही वही सुरू करावी आणि संघटनेच्या पुढील बैठकीत ती सोबत आणावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.