पाऊस कुणाच्या बापाचा?

निसर्गकवितेच्या दारावर आमच्यासाठी दोन पहारेकरी बसवलेले आहेत आणि दोघंही आम्हाला आत सोडत नाहीत. पहिला प्रस्थापितांचा. तो गोड बोलतो. म्हणतो, तुम्ही वेदनेचं लिहा, विद्रोहाचं लिहा, ते तुम्हाला छान जमतं. चंद्र-चांदणं, श्रावण, मनाची हुरहुर वगैरे राहू द्या, ते आमचं खातं. दुसरा आपलाच. तो खेकसतो. वस्तीवर बुलडोझर येतोय आणि तू साल्या पावसावर ओळी लिहितोस? पहिल्याला आपण पन्नास वर्षांपूर्वीच ओळखून घेतलंय, त्याच्याशी नव्यानं भांडण्यात मला रस नाही. मला भांडायचंय दुसऱ्याशी. तो घरचा आहे, आणि खरं सांगायचं तर तो पहिल्याचंच म्हणणं चढ्या आवाजात बोलतोय.

मित्रहो, कुठल्या ओळींबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. छोट्या ओळी. तीन, चार, फार तर सहा. एक ऋतू, एक झाड नाहीतर पक्षी, आणि त्याला टेकून मनाची एखादी अवस्था. शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत आणला, पुढं चारोळ्यांचं पीक आलं, आणि आता तर पहिला पाऊस पडला रे पडला की ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर आठवणींच्या सरी, ओलं मन, वाफाळता चहा आणि कांदाभजी. भजी तळणारी बाई त्या ओळीत कधीच नसते. खिडकी असते. खिडकीच्या आत कवी असतो. बाहेर जे भिजतंय ते सगळं 'निसर्ग'. त्यात झाड आलं, रस्ता आला, आणि डोक्यावर ताडपत्री धरून उभा असलेला माणूसही आला.

याची चीड येते, आणि ती रास्तच आहे. पण चीड त्या खिडकीची यायला हवी. आपली पोरं पावसावरच डूख धरून बसली. खिडकीवाल्यांनी वापरला म्हणून काय पाऊस बाटला? बाटण्या-विटाळण्याची भाषा कुणाची आहे ते जरा आठवा.

बाशोच्या जगभर गाजलेल्या हायकूत एक जुनं तळं आहे आणि एक बेडूक आहे. रसिक लोक त्यातल्या शांततेवर पानंच्या पानं लिहितात. लिहू देत, कविता चांगलीच आहे. पण मला तळं म्हटलं की महाड आठवतं. तिथं बेडकाला उडी मारायची मुभा होती, गुराढोरांना पाणी प्यायची मुभा होती, आम्हाला नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर ओंजळ भरली. त्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, डोकी फोडून घेतली. आणि त्यांच्या पणतवंडांनी तळ्यावर दोन ओळी लिहिल्या तर ती म्हणे पळवाट!

आता मी राहतो त्या शहराकडं येतो, नाहीतर हे सगळं हवेतलं वाटेल. 1970 साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं. भातखाचरं, मिठागरं, खाडीकाठची तिवरं यांच्यावर भराव पडत गेला. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसांवर गोळीबार झाला, पाच जण मेले. तो इतिहास भूमिपुत्रांचा आहे, आणि त्यांनी तो सांगितलेला आहे. आमचं वेगळं. आम्ही इथं आलो तेच एका ऋतूमुळं, न आलेल्या पावसामुळं. 1972 च्या दुष्काळात माझा आजा जालन्याकडून निघाला आणि पारसिकच्या डोंगराला खडी फोडायला लागला. त्याच 1972 साली तिकडं मुंबईत पँथर उभी राहिली, 'गोलपिठा' निघाला. आजाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. अक्षर वाचता येत नव्हतं, आभाळ मात्र यायचं. वारा कुठून सुटलाय, म्हणजे उद्या खदानीत पाणी भरणार की नाही, म्हणजे उद्या रोज मिळणार की नाही. ढग बघून तो गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याला मी ऋतू आणि मनोवस्था यांचा संबंध म्हणतो. समीक्षकांनी पाहिजे तर दुसरा शब्द शोधावा.

या शहरातले ऋतू पंचांगात नाहीत. उन्हाळा वाशीच्या मार्केटात हापूसच्या पेटीतून उतरतो. ज्यानं पेट्या वाहिल्या त्याच्या मानेला तो आंबा न खाताच कळतो. मे महिन्यात नालेसफाई सुरू होते. कंत्राटी माणूस गटाराच्या तोंडाशी गाळाचे ढीग लावतो, आणि वास आला की खिडक्या लागतात, त्याच त्या खिडक्या. हिवाळ्यात कारखान्यांच्या पट्ट्यात रात्री वेगळाच वास दाटतो. जमिनीलगतची हवा थंड, तिच्यावर गरम हवेचं झाकण, धूर वर जाणार कुठून? थंडीची मजा घ्यायला दार उघडं ठेवावं तर घसा धरतो.

आणि फ्लेमिंगो. पुस्तकात रोहित म्हणतात त्याला. हिवाळा धरून खाडीत उतरतात, पावसाच्या तोंडावर जातात, बरेचसे कच्छकडे. 2015 मध्ये ठाणे खाडीत त्यांचं अभयारण्य झालं, 2022 मध्ये ती जागा रामसर यादीत गेली, शहरानं स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवून घेतलं आणि भिंती गुलाबी रंगवल्या. बघायला जा जरूर. मी जातो. पण हे ध्यानात असू द्या की फ्लेमिंगोचं पिल्लू जन्मतं राखाडी. गुलाबी रंग येतो तो खाण्यातून, पाण्यातल्या शेवाळातून आणि बारक्या जिवांतून. आणि खाडीत शेवाळ माजतं त्यात आपल्या सांडपाण्याचा हात आहे. म्हणजे ज्या गटारात आपला माणूस उतरतो तेच पुढं जाऊन पक्ष्याच्या पंखावर चढतं. एवढी मोठी गोष्ट रोज डोळ्यांसमोर उभी आहे, एका पायावर! आणि ती लिहायची कुणी? बाल्कनीतून दुर्बीण लावणाऱ्यानं? त्याला पंख दिसेल. गटार माहीत असलेल्यालाच दोन्ही दिसेल. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत 35 हून जास्त फ्लेमिंगो मेले तेव्हा लोक हळहळले, मीही हळहळलो. मेलेल्या पक्ष्यासाठी वाईट वाटलं म्हणून गटारात गुदमरलेल्या माणसाचं दुःख कमी होत नाही. दुःखाचं काय रेशनकार्ड आहे, की महिन्याला इतकंच मिळणार?

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते मात्र पक्ष्यानं नाही, इथल्या होल्डिंग पॉण्डनं. शहराचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोनं खाडीच्या कडेला मोठी तळी केली. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की खाडीकडची दारं बंद, शहराचं पाणी तळ्यात साठवायचं. ओहोटी लागली की दारं उघडून सोडून द्यायचं. आमच्या माणसाचं मन असंच चालतं की नाही सांगा. ऑफिसात नवा साहेब सहज म्हणून पूर्ण नाव विचारतो. भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालकीण मटण खाता का म्हणते आणि दोन दिवसांनी खोली दिली गेल्याचा फोन येतो. तेव्हा दारं बंद. भरती आहे. सगळं आत साठवायचं आणि ओहोटीची वाट बघायची.

आता ही तळी वर्षानुवर्षं न उपसल्यामुळं गाळानं भरलीत. गाळात तिवरं उगवलीत, आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण, त्यामुळं उपसायचं तरी कसं हा आणखी एक घोळ. तळं उथळ झालं की त्यात पाणी मावत नाही, मग थोडक्या पावसानंही रस्ते तुंबतात. आपली मोठी कविता, मोर्चातली, स्टेजवरची, ती पुरासारखी येते. तिचं काम तिनं केलंय आणि करावं. पण गाळ पुरानं निघत नाही. तो पाटी-पाटीनं काढावा लागतो, रोज थोडा. तीन ओळींची कविता म्हणजे माझ्या लेखी एक पाटी आहे. माझ्या वहीतल्या तीन पाट्या इथं ओततो.

पत्र्यावर पहिला थेंब.
आई उठते,
अंधारात बादली शोधते.

रात्रीचा वास आला.
खिडकी लावून घेतली.
थंडीही बाहेर राहिली.

आज कशाचाच राग नाही.
खाडीवरून वारा.
हे सांगू कुणाला?

पहिल्या दोन आमच्या मंडळींना चालतात. बादली आहे, पत्रा आहे, प्रदूषण आहे, पास. तिसरीला नाकं मुरडतात. राग नाही म्हणजे काय? रागाशिवाय आपली कविता कशी? गेल्या एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात एका पोरीनं असंच काही वाचलं. नर्सिंगचं शिकते, रात्रपाळी करून आली होती. डोंगराच्या उतारावर पळस फुललाय, बसमधून तो दिसला आणि उगाचच हलकं वाटलं, एवढंच. आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं खुर्चीतूनच विचारलं, यात आंबेडकरवाद कुठंय? लोक हसले. तिनं कागदाची घडी केली. त्यानंतर ती आली नाही. ज्या पोरीच्या आईला आणि आजीला उगाचच हलकं वाटायची सवड कुणी दिली नाही, तिला ते एका सकाळी वाटलं, तर ते चळवळीचं उत्पन्न आहे, भल्या माणसा. जमेच्या बाजूला मांडायचं सोडून तू खर्चात टाकलंस.

आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, त्यांचं साहित्य वाचून बाह्या सरसावल्या. तेव्हा त्यांच्यातलीच एक गोष्ट ऐका. रिचर्ड राईट. 1908 साली मिसिसिपीत जन्मला, आजा-आजी गुलामीत जन्मलेले, बाप दुसऱ्याच्या शेतात वाट्यानं राबणारा. 1940 मध्ये 'नेटिव्ह सन', 1945 मध्ये 'ब्लॅक बॉय'. गोऱ्या अमेरिकेच्या कानफटात बसलेली पुस्तकं. हाच राईट शेवटच्या दीड वर्षात, फ्रान्समध्ये, आजारी असताना काय लिहीत होता? हायकू. थोडेथोडके नाहीत, सुमारे 4000. पाऊस, बर्फ, वसंत, पाखरं. त्यातले 817 त्यानं स्वतः निवडून ठेवले आणि नोव्हेंबर 1960 मध्ये बावन्नाव्या वर्षी तो गेला. पुस्तक निघालं 1998 मध्ये. म्हणजे त्याचा संताप जगाला ताबडतोब मिळाला आणि त्याचा पाऊस अडतीस वर्षांनी. राईट पळाला म्हणायची कुणाची छाती आहे का? मला तर वाटतं, ज्या दक्षिणेत त्याच्या माणसांनी कापूस वेचला आणि झाडाला टांगलेली प्रेतं बघितली, तिथलं झाड नुसतं झाड म्हणून बघायला त्याला एवढं आयुष्य लागलं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं. थेरीगाथा काढा. त्यात पुण्णिका आहे, पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत ती नदीत उतरते ते मालकिणींच्या माराच्या आणि बोलण्याच्या धाकानं. त्याच थंड पाण्यात कुडकुडत एक ब्राह्मण उभा आहे, तो पाप धुवायला आलाय. नदी तीच, थंडी तीच, अंगावर आलेला काटाही तोच. पाण्यानं मुक्ती मिळत असेल तर पाण्यातल्या प्राण्यांचं काय, असं विचारून ती त्याची पार दांडी उडवते. तिच्याही गाथेत बेडूक आहेत, बाशोच्या कितीतरी शतकं आधी. ऋतू, मन आणि माणसाची पायरी, हे तिन्ही एका छोट्या गाथेत मांडणारी आपली एक बाई होऊन गेलीय, आणि आपण निसर्गकविता पांढरपेशांची म्हणून सोडून देतो?

तेव्हा या अंकाच्या संपादकांना माझी सूचना आहे. पुढच्या अंकात एक पान अशा छोट्या ओळींना द्या. राग असलेल्या, राग नसलेल्या, दोन्ही. नर्सिंगवाल्या पोरीला निरोप धाडा, कार्यकर्त्याला पाठवू नका, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. आणि जे लिहिणार आहेत त्यांना एवढंच: झाडावर लिहिणार असाल तर त्याचं नाव विचारून घ्या, आपल्या आजीला माहीत असतं. खाडीवर लिहिणार असाल तर ओहोटीच्या वेळी एकदा चिखलापर्यंत जाऊन या. आणि श्रावण लिहायचा असेल तर त्या महिन्यात आपल्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं, तेही ठाऊक असू द्या.