थंडीला वास येतो तो वितळताना

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी जानेवारीतल्या एका पहाटे गवतावर हिमकण साचले होते. वास घेण्यासाठी मी अगदी जमिनीपर्यंत वाकले. काहीच आलं नाही, नाकपुड्यांना नुसता चटका बसला. मग ऊन आलं, पात्यांवरचं पांढरं ओघळायला लागलं आणि ओली माती, कुजका पाला, शेजारच्या वाफ्यातलं शेणखत, सगळं एकदम वर उठलं.

हिवाळ्यावर परफ्यूम करायला बसणाऱ्या प्रत्येकाने ही पहाट आधी अनुभवावी. वास म्हणजे हवेत उडालेले रेणू, आणि कडाक्याच्या थंडीत ते फारसे उडतच नाहीत. बर्फाळ माळरानाची हुबेहूब नक्कल करायला गेलात तर हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. म्हणून बहुतेक जण पुदिन्याकडे धावतात. त्यातलं मेंथॉल ज्या प्रथिनाला चेतवतं, तेच आपल्याला गारवाही जाणवून देतं. 2002 मध्ये त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. युक्ती खरी आहे, पण हात जरा सैल सुटला की मनगटाला टूथपेस्टचा वास येतो.

मला एर्नेस्ट बो यांची वाट पटते. मॉस्कोत जन्मलेले हे परफ्यूमर युद्धाच्या काळात रशियाच्या अतिउत्तरेला होते. मध्यरात्री सूर्य न मावळण्याच्या दिवसांत तिथली तळी आणि नद्या कमालीचा ताजा वास सोडत, तो त्यांनी मनात धरून ठेवला, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यातून घडलेलं शनेल नंबर 5 हे 1921 मध्ये बाजारात आलं. त्यांनी आठवण उचलली ती उन्हाळ्यातली, बर्फ सुटून पाणी वाहतं झाल्यावरची. मुद्दा हाच आहे.

ती ताजेपणाची छटा त्यांनी अल्डिहाइड्समधून आणली. त्यातलं एक संत्र्याच्या सालीतही असतं. नुसती हुंगली तर विझवलेली मेणबत्ती, इस्त्रीखालचं सुती कापड असं काहीसं आठवतं. सुरुवातीला मिळालेली अल्डिहाइड्स टिकत नव्हती, त्यामुळे बो यांना बरीच खटपट करावी लागली. पण जाई-गुलाबाच्या दाट गोडव्यावर ती पडली आणि फुलं थंड हवेत उभी असल्यासारखी झाली. फुलांची ऊब खाली होती, म्हणून वरचा गारवा कळला.

आणखी एक अडचण आपल्या अंगाचीच. मनगटाची त्वचा कोमट असते, त्यामुळे हलके, गार घटक काही मिनिटांत उडून जातात. पुढचे तास सांभाळायचे ते देवदार, धूप, आयरिसचं मूळ यांनी. आपल्याकडची अत्तराची रीत याबाबत सरळ आहे: वाळा उन्हाळ्यात, हिना हिवाळ्यात. थंडीत अंगाला ऊबच लावायची.

मला मात्र त्या पहाटेचा क्रम बाटलीत हवा आहे. आधी नाकाला चटका, पुदिन्याशिवाय. मग ओलं गवत. शेणखताचा पुसटसा अंशही ठेवाच, तो गाळू नका. आणि तळाशी कनौजचं मिट्टी अत्तर, भाजलेली माती चंदनाच्या तेलावर उतरवून काढलेलं.